निळ्या पाण्यातला चुकलेला धागा

आधी शपथ. पुढं सांगतोय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, माझ्या गळ्यातल्या लाइटमीटरची शपथ. आता लाइटमीटर माझ्या गळ्यात कधीच नव्हता, तो युसूफभाईचा. पण शपथेला काहीतरी वजनदार लागतं. आणि अक्षर न् अक्षर म्हणजे, चारदोन अक्षरं इकडंतिकडं.

आमचा स्टुडिओ सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत आहे. दिवसभर सुताची पांढरी लव उडते. ती पंख्याच्या पात्यावर साठते, कॅलेंडरच्या खिळ्यावर साठते, चहावर तरंगते. किस्सेही तसेच साठतात. संध्याकाळी झाडून काढावेत तर सकाळी तेवढेच. स्टुडिओ दोघांचा, मी आणि युसूफभाई. तो फोटो काढतो, मी गिऱ्हाइकाला "छान आलाय" म्हणतो. पंचवीस वर्षं कामाची वाटणी हीच.

* * *

मागच्या उन्हाळ्यात अण्णा आले. शेजारचे विणकर, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. सगळी गल्ली विजेवर गेली तरी यांचा हातमाग चालू. खांद्यावर एक गुंडाळी होती. खोलीभर उलगडली. कापडावर विणलेलं चित्र: सिद्धेश्वर तलावाच्या पायरीवर सात वर्षांची मुलगी, पाय पाण्यात सोडलेले, आणि खाली नुसतं निळं पाणी, निळ्याच्या पंधरा छटांचं. मुलगी त्यांचीच, पद्मा. मूळ फोटो आमच्याच स्टुडिओचा.

पद्मा आता वरंगळला असते. बाळंतपणाला आलेली, रविवारी पहाटे परत निघायची होती. चित्र तिच्याबरोबर जायचं होतं.

"ह्यात एक धागा चुकलाय," अण्णा म्हणाले. "विणताना एकदा मागाचा आवाज बदलला. एकदाच. मी ऐकलं की. पण कुटं, ते डोळ्याला दिसंना."

डोळ्यांत त्यांच्या मोतीबिंदू. हे विणकाम शेवटचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला कळलं.

"अण्णा, इतक्या पाण्यात एक धागा कोण बघतंय?"

"चुकीचं कापड आमच्या उंबऱ्याबाहेर जात न्हाय, मास्तर. माझ्या बापाचं गेलं न्हाय. धागा घावला तर सुईनं भरतो. न्हाय घावला तर पोरगी मोकळ्या हातानं जाईल."

आणि ते तसं करतील, याची मला खात्री होती. मोठ्या मुलीच्या लग्नातला शालू त्यांनी असाच घरात ठेवून घेतला होता. तो अजून ट्रंकेत आहे.

* * *

उपाय युसूफभाईनं काढला. कापड जमिनीवर पसरायचं. वर स्टँडच्या आडव्या दांडीला कॅमेरा तोंड खाली करून बांधायचा. कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपची टीव्हीला. लॅपटॉपवर बटण दाबलं की वर फोटो निघणार आणि दोन सेकंदांत तोच टीव्हीवर, भिंतीएवढा. अण्णांनी पडद्याला नाक लावून पाहायचं आणि सांगायचं, "जरा डावीकडं." एकेक वीत पाणी तपासत जायचं. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंत असंच काम चालतं, असं तो म्हणाला. त्यानं कुठलं मोठं शहर पाहिलंय, हे मी विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी सुरू केलं. पहिला फोटो आला. टीव्हीवर पायरीचा दगड, त्यातला प्रत्येक धागा दोरखंडाएवढा. अण्णा हसले. दुसऱ्या फोटोला लॅपटॉप म्हणाला, कॅमेरा सापडत नाही.

कॅमेरा डोक्यावर लटकत होता. आम्हा तिघांना दिसत होता.

* * *

पहिला संशय झोपेवर. या कॅमेऱ्याला सवय असते, काही मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप झोपतो. बाहेर बेचाळीस डिग्री, आत पंखा, आणि भिंतीपलीकडून मागांचं खटक-खट, खटक-खट. त्या आवाजात माणूस विरघळतो. युसूफभाई मेन्यू उघडून झोपेचं सेटिंग शोधायला बसला. अर्ध्या तासानं पाहिलं तर कॅमेरा जागा आणि युसूफभाई झोपलेला, बोट बरोबर 'बंद' या शब्दावर.

उठवला तर म्हणतो, "सोया नै मियाँ, टेस्ट करतौं."

मीही झोपलो होतो, म्हणून नेमका किती वेळ ते सांगता येत नाही. स्वप्नात मी त्या पायरीवर होतो आणि पाणी गार होतं. जागा झालो तर मोजे काढलेले.

* * *

दुसरा संशय वायरीवर. तीन वायरी बदलल्या. मग कॅमेरा कंपनीच्या मदत-नंबरवर फोन लावला. पलीकडचा पोरगा फार गोड बोलला.

"सर, बंद करून चालू केलात?"

"केला."

"सर, वायर काढून घातलीत?"

"घातली."

"सर, आसपास कसला आवाज येतोय?"

"कसलाच नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. गल्लीतल्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही. मासा पाणी ऐकतो का?

* * *

तुम्ही म्हणाल, वायर कशाला, कार्ड काढून टीव्हीला लावा. लावलं की. शुक्रवारी सकाळी युसूफभाई स्टुलावर चढला, फोटो काढला, कार्ड घेऊन उतरला, टीव्हीला लावलं. अण्णा म्हणाले, "दोन बोटं उजवीकडं." परत वर. परत खाली. "एक बोट मागं." एकतिसाव्या फेरीला युसूफभाईच्या गुडघ्यानं राजीनामा दिला.

"अन्ना," तो स्टुलावर बसून म्हणाला, "ये तलाव है के समुंदर?"

एकतीस फोटोंत पाण्याची जेमतेम एक कड झाली होती.

* * *

शुक्रवारी दुपारी लाइट गेली. आणि चमत्कार! लॅपटॉप बॅटरीवर, कॅमेरा बॅटरीवर, युसूफभाईनं चाळा म्हणून बटण दाबलं तर खटाखट बारा फोटो आत आले, एकदाही कॅमेरा हरवला नाही. पण टीव्ही बंद. खोलीला खिडकी नाही, दिवे गेलेले, त्यामुळं बाराही फोटो काळेकुट्ट.

लाइट आली. टीव्ही लागला, दिवे लागले, कॅमेरा हरवला.

असं तीनदा झालं. वीज आहे तर कॅमेरा नाही, कॅमेरा आहे तर वीज नाही. मी तर म्हणणार होतो, कॅमेऱ्याला बाहेरची बाधा झालीय. तेवढ्यात पद्मा बाळ खांद्यावर घेऊन चहा द्यायला आली. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. पाण्यावर बारीक बारीक वलयं उठत होती, थांबतच नव्हती.

"काका, माग चालू झाले की हे पाणी असं हलतंय," ती म्हणाली. "कॅमेरा पण हलत असंल. वायर तिथंच सुटत असंल."

पंचवीस वर्षं त्या टेबलावर पाणी पितोय मी.

* * *

मग स्टँडच्या पायाखाली चादरी घातल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा? चार घड्या, सहा घड्या. स्टँड छताला टेकला. पाच फोटो नीट आले, सहाव्याला कॅमेरा हरवला. अण्णांनी सुताची विणकरी गाठ मारून वायर बांधली. सात फोटो आले.

मागांना सुट्टी असते, पण ती रविवारी, आणि पद्माची गाडी त्याच पहाटे. रात्रपाळी चालूच असते. राहिला शनिवार.

"गल्लीला सांगू या," मी म्हणालो. "पाच मिनिटं माग थांबवा म्हणावं."

अण्णांचा चेहरा बदलला. "चालत्या मागाला थांब म्हणायचं नसतं, मास्तर. चाळीस वर्षांत मी कुणाला म्हटलं न्हाय. पोरीसाठी पण म्हणणार न्हाय."

"नान्ना, तुम्ही नका म्हणू," पद्मा बापाला म्हणाली आणि बाळ युसूफभाईच्या मांडीवर ठेवून चपला घालू लागली.

गल्लीतल्या मागांच्या सहाही शेड फिरली ती. काय बोलली माहीत नाही. सगळे हो म्हणाले. अट एकच, टीव्हीवर ते पाणी त्यांनाही बघायचं.

* * *

शनिवारी चार वाजता आमच्या खोलीत एकोणीस माणसं, भिंतीला चिकटून. युसूफभाईनं सगळ्यांना सांगितलं, "साँस बी धीरे लेव."

मग माग थांबायला लागले. एक शेड. दुसरी. सहावी.

माग लाइट गेली की थांबतात, रविवारी थांबतात, पण तेव्हा गल्ली बोलत असते; तसली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. पंख्याची पाती वेगवेगळी ऐकू आली. कुठंतरी नळ ठिबकत होता, बहुतेक कित्येक वर्षं. आणि गल्लीतली पाळण्यातली पोरं, मागांच्या आवाजावर झोपणारी, एकेक करून जागी झाली आणि रडायला लागली. पहिलं पद्माचं.

युसूफभाईनं बटण दाबलं. टीव्हीभर निळं पाणी आलं. एकोणीस माणसांच्या तोंडावर निळा उजेड पडला, सगळी खोली तलावात बुडाल्यासारखी. एकेक फोटो, एकेक वीत. नवव्या फोटोला अण्णा पुढं गेले, पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हितं." मुलीच्या डाव्या पायाखाली, जिथं टाच पाण्यात विरते तिथं, गडद निळ्यात एक फिका धागा. त्यांनी सुई मागितली. चित्र रविवारी वरंगळला गेलं.

* * *

आता यातलं रचलेलं सांगून टाकतो, कारण युसूफभाई हे वाचणार आहे.

चादरी खऱ्या, गुडघा खरा, रडणारी पोरं खरी. फोटो खोटे. त्या दिवशी टीव्हीवर काहीच आलं नाही. माग थांबले, सगळं स्थिर झालं, आणि तरी लॅपटॉप म्हणाला, कॅमेरा सापडत नाही. का, ते आजवर कळलेलं नाही. आम्ही एकोणीस माणसं काळ्या पडद्याकडं टक लावून उभी होतो.

अण्णा खाली कापडावर बसले होते, डोळे मिटून. तळहात पाण्यावरून हळूहळू सरकत होता.

"हितं," ते म्हणाले.

कुणी वळलंच नाही.

"पोरी," ते जरा मोठ्यानं म्हणाले, "सुई आण. इतकं दिस ह्या खटखटीत बोटाला ऐकू येत नव्हतं."

पद्मा सुई आणायला धावली. युसूफभाई अजून बटण दाबत होता.