एका पत्त्याच्या मुली

आमच्या ऑफिसात भाऊंना खुर्ची होती, पण ती पाहुण्यांच्याच कामी यायची. भाऊ फोनवर बोलताना चालायचे, चहा पिताना चालायचे, स्क्रीनवर काही वाचायचं असलं तर तेवढ्यापुरते वाकायचे आणि पुन्हा निघायचे. पाठीमागे आम्ही त्यांना ‘येरझारे’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. “तुमी बसा. बसूनच पोटं सुटल्यात तुमची,” म्हणायचे.

सोमाटण्याला आमची छोटी कंपनी. ऑनलाइन परीक्षा चालवायची. तीन सर्व्हर, आणि त्यांच्या पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्याला कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं ते ठरवणारा. भाऊंनी त्याला नियम घालून दिला होता: आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा नंबर, बघायचा, आणि एका पत्त्याचं माणूस दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवायचं. भाऊ स्वतः तसेच होते. चहा एकाच टपरीवर, दाढी एकाच न्हाव्याकडे, लोणावळ्याला गेले तर चिक्की एकाच दुकानातली. “वळकीच्या मानसाला पुन्हा पुन्हा सांगावं लागत न्हाई,” हे त्यांचं म्हणणं. सर्व्हरचंही तसंच होतं. ज्याच्याकडे उत्तरं दिली, त्यालाच ती ठाऊक असायची.

लोणावळ्याच्या एका कॉलेजात नर्सभरतीची परीक्षा होती, त्या सकाळी हा नियम अंगाशी आला. सगळ्या मुली कॉलेजच्या एकाच वाय-फायवरून आलेल्या, त्यामुळे बाहेरून बघता सगळ्यांचा पत्ता एकच. बॅलन्सरने इमानेइतबारे सगळ्यांना एकाच सर्व्हरवर लोटलं. तो गुदमरला आणि बाकीचे दोन माश्या मारत बसले. काही मुली पेपर सोडवत होत्या, बाकीच्यांना पानच उघडेना, आणि कॉलेजातून फोनवर फोन. वेळ संपली की पेपर बंद होणार होता.

चूक भाऊंना लगेच कळली. “आख्खं गाव एकाच घरात कोंबलं की मी!” नियम बदलून मुलींना तिन्ही सर्व्हरवर वाटणं त्यांच्या हातात होतं. पण पत्ता एकच, मग आत बसलेल्या कोण आणि दारात ताटकळलेल्या कोण, हे बॅलन्सरला कसं कळावं? नियम बदलला की आतल्यांचीही पांगापांग होणार, आणि नव्या सर्व्हरवर गेलेल्यांना पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागणार. आतल्यांत भाऊंची धाकटी मुलगी सुनीता होती. स्क्रीनवर तिचं नाव दिसत होतं. निम्म्याहून जास्त पेपर झाला होता.

“भाऊ, थोडं थांबू या ना. तिचं होऊ द्या. कुणाला कळणार आहे?” मी म्हणाले.

ते भिंतीपर्यंत गेले, परत आले. “दारात आडकल्यात, त्यांचे बाप हितं न्हाईत,” म्हणाले आणि नियम बदलला.

अडकलेल्या मुली आत गेल्या. सुनीताचा पेपर मात्र कोरा झाला. उरलेल्या वेळात तो पुरा झाला नाही, आणि त्या वर्षी तिची निवड हुकली. घरी ते काय बोलले, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ऑफिसात त्यांची थट्टा बंद झाली. मला त्यांचा रागही यायचा आणि त्यांच्यासमोर उभं राहायला संकोचही वाटायचा.

पुढच्या खेपेला सुनीता पास झाली, नोकरीलाही लागली. यंदा भाऊ वारले. मी वराळ्याला त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा तिने मला बाजूला घेतलं.

“ताई, माझा पेपर गेला तवा मी आत हाय, हे भाऊंना ठाव होतं का?”

मला खोटं बोलवेना. “हो. तुझं नाव समोर दिसत होतं.”

तिने पदराने डोळे पुसले. “बरं झालं सांगितलं. मला इतकी वर्सं वाटायचं, मी त्यांच्या ध्यानातच नव्हते.”