इंगळे सरांचं सातचं नेट

नेट दुरुस्तीच्या धंद्यात दुसरं काही साचो ना साचो, किस्से साचतात. कपाटामागं, पलंगाखाली, देव्हाऱ्याच्या बाजूला डोकं घालायचं काम आमचं. गवतातून चालल्यावर पँटला कुसळं लागावी तसे किस्से लागून घरी येतात. नांदुऱ्यात अन् आजूबाजूच्या खेड्यांत मी आणि सलीमभाई मिळून हे करतो. मी शिडीवर, ते तार जोडायच्या मशीनवर. ते शांत, मी तोंडाचा फटकळ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या तोंडाचा विषय निघणार आहे.

*

एका घरी तक्रार होती की रेंज फक्त बेडरूममध्ये येते, तीही कपाटाजवळ उभं राहिलं तर. गेलो. राऊटर कुठंच दिसेना. वहिनींनी कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं, तर साड्यांच्या घडीवर राऊटर! बाजूला दागिन्यांचा डबा.

"महागाची वस्तू हाय, बाहेर काऊन ठेवू?" त्यांनी मलाच विचारलं.

मी समजावून आलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. कपाटाचं दार उघडं ठेवलंय, आता रेंज चांगली आहे, पण चोरी झाली तर जबाबदारी तुमची म्हणे.

*

इंगळे सरांच्या घरचं प्रकरण मात्र वेगळं. सर रिटायर मास्तर. घरात ते आणि काकू. एकुलती एक मुलगी सुजाता आयर्लंडला नर्स. तिची जेवणाची सुटी म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सात ते सव्वासात. तेवढ्यात ती आईला व्हिडिओ कॉल करायची.

काकूंची आठवण चालली होती. आधी गॅसवरचं दूध विसरायच्या, मग स्वतःची गल्ली विसरायला लागल्या. डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं, आपली माणसं रोज डोळ्यासमोर दिसली तर ओळख जास्त दिवस टिकेल. नुसत्या आवाजाला काकू घाबरायच्या, चेहरा दिसावा लागायचा. गल्लीत मोबाईलची रेंज फक्त गच्चीवर, आणि काकूंना जिना चढवत नव्हता. म्हणून सरांनी नेट घेतलं. सिरीयलसाठी नाही, क्रिकेटसाठी नाही, त्या पाव तासासाठी.

अन् नेमकं त्याच वेळी ते जायचं, कधी फोन लागायच्या आधी, कधी अर्ध्यातून. तिच्या सुटीच्या दिवशी दुपारी काय बोलणं होईल तेवढंच. बाकी वेळ एक तर तिची ड्यूटी, नाही तर गोळी घेऊन काकूंची झोप.

सरांनी रजिस्टर घातलं. तीन रकाने आखले: तारीख, वेळ, कारण. पहिले दोन ते स्वतः भरायचे, तिसरा कोरा ठेवायचे. मी गेलो की वही माझ्यापुढं सरकवायचे आणि पेन द्यायचे.

"कारण तू लिही, गजू. ते तुझं काम आहे."

मी जायचो सकाळी दहाला. दहाला नेट असं पळायचं की सरच खोटे पडायचे. मी लिहायचो, राऊटर गरम. पुढच्या वेळी, लोड जास्त. त्याच्या पुढच्या वेळी, मोबाईल जुना. सगळं अंदाजपंचे. ऑफिसात आम्ही सरांचं नाव 'रजिस्टर' ठेवलं होतं. आम्ही कशाला म्हणू, मीच ठेवलं होतं.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा किस्सा तर सलीमभाई आजही सांगतात. एका धान्य व्यापाऱ्याचं नेट बंद. जाऊन पाहतो तर राऊटरला झेंडूचा हार. शेठनं पाणी शिंपडून, हळद-कुंकू वाहून त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. वायर लावायच्या भोकात कुंकू गच्च बसलेलं.

"शेठ, पूजा वरून करायची, आत काऊन गेले?"

"ट्रॅक्टरची बी अशीच करतो. तो तर चालू हाय!"

नवा राऊटर लावला. मी वायर खोचून मागं सरलो नाही तोच शेठच्या आईनं उठून त्याला कुंकवाचं बोट लावलं.

*

रोहिणखेडच्या बाजूला एका घरावरची तार तीनदा तुटली. मी म्हटलं माकडं असतील. चौथ्यांदा गच्चीवर चढलो तर तारेवर दोन ओल्या गोधड्या वाळत घातलेल्या. मी त्या बाईंना हात जोडून सांगितलं की मावशी, ही काचेची तार आहे, केसाएवढी बारीक असते आतून. मावशींनी ऐकून घेतलं.

"तेच म्हणून राह्यली मी. तुमची दोरी मजबूत नाही."

या किस्स्यावर आम्ही आठवडाभर हसलो. त्याच आठवड्यात इंगळे सरांचे चार फोन येऊन गेले होते. ते मात्र मला आता मोजून आठवतात.

*

एकदा सर म्हणाले, "गजू, एक दिवस सातला येऊन बस. चहा घे अन् डोळ्यानं पाहा."

मी हाव म्हटलं. आमची ड्यूटी सहाला संपते, मी काही गेलो नाही. घर माझं तिथून दोन गल्ल्या सोडून. जाता आलं असतं. हे मी कोणाला सांगत नाही, पण इथं सांगतो. सर हे म्हणाले त्या दिवशी सकाळी काकूंनी मला चहा दिला होता आणि माझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं होतं. पुढच्या वेळी गेलो तर दारात म्हणाल्या, "कोण पाहिजे तुम्हाला?" मी घाईत होतो. म्हटलं, नेटवाला आहे काकू, अन् आत घुसलो.

मग एक दिवस फोनवर माझं तोंड सुटलंच.

"सर, गावात एवढी घरं हायेत, कोणाचं सातले नेट जात नाही. तुमच्या एकट्यासाठी आता आभाळातून तार आणू का?"

सर म्हणाले, "नाही बेटा. खालूनच आण."

ऑफिसात मी हे सरांच्या आवाजात करून दाखवलं. सगळे हसले. सलीमभाई हसले नाहीत.

*

ऑगस्टमध्ये मी तापानं पडलो आणि सरांच्या घरी सलीमभाई गेले. ते सहसा घरांमध्ये जात नाहीत, त्यांचं काम रस्त्यावरचं. सरांनी त्यांच्यापुढंही वही सरकवली. आता मी त्या वहीत कारणं लिहिली होती, वही कधी वाचली नव्हती. सलीमभाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एप्रिलमधली वेळ पावणेसातची. मग ती रोज थोडी थोडी पुढं सरकत गेलेली, जूनअखेर सात वाजून गेलेली. आणि आता परत मागं यायला लागलेली.

"सर, हे तर मगरिबच्या नमाजचं टाईम हाय," सलीमभाई म्हणाले. "दिवस बुडते तसं तसं सरकून राह्यलं."

सर म्हणाले, सरकतंय हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. दोनदा गजूला सांगितलं. गजू म्हणाला, घड्याळ दुरुस्त करा.

म्हणालो होतो मी तसं.

सलीमभाईंनी तिथूनच मला फोन लावला. "गजू, चौकातल्या आपल्या बॉक्सले लाईट कुठून देली बे तू?"

अंगात ताप होता, तरी लख्ख आठवलं. नेटच्या तारा घरोघर वाटणारा तो बॉक्स मी रफिक टेलरच्या भिंतीवर बसवला होता आणि लाईट त्यांच्या दुकानातून घेतली होती, रफिकच्या वडिलांना विचारून. पुढं ते वारले. रफिकला त्या बारक्या वायरचा पत्ताच नव्हता. मी सांगितलंच नव्हतं. एकदा चालू राहिलेल्या इस्त्रीनं गिऱ्हाइकाची शेरवानी जळाली, तेव्हापासून रफिक संध्याकाळी मशिदीत जाताना दुकानाचा मेन स्विच पाडून जायचा. नमाज पढून, दोन माणसांशी बोलून, अर्ध्या तासानं परत. दुपारची नमाज तो दुकानातच पढायचा आणि रात्री दुकानाच्या वरच राहायचा, लाईट तीच, म्हणून इतर वेळी काही जात नव्हतं.

लाईट गेली तरी बॉक्स चालावा म्हणून आत बॅटरी असते. ती कधीचीच मेलेली होती. मला माहीत होतं. आज बदलू, उद्या बदलू करत राहिलो होतो. त्या बॉक्सवर चारच घरं. बाकी तिघांनी आमच्याकडं तक्रार करणं कधीच सोडून दिलं होतं.

रफिकला कळलं तेव्हा तो मशीनवरून उठून उभा राहिला. "गजूभाई, मले एकदा सांगाचं ना," एवढंच म्हणाला. त्याची काडीची चूक नव्हती, तरी तो सरांच्या घरी जाऊन माफी मागून आला. मी माझ्या आधी त्याला जाऊ दिलं.

*

ताप उतरल्यावर पहिलं काम बॅटरी बदलायचं केलं. वीस मिनिटं लागली. चार महिने जे जमत नव्हतं त्याला वीस मिनिटं.

त्या दिवशी पावणेसातला मी सरांच्या घरी जाऊन बसलो. पहिल्यांदा. काकूंचे केस सरांनी विंचरून दिले होते. मोबाईल तांब्याला टेकवून समोर ठेवला होता. अजान झाली. रफिकनं स्विच पाडला असणार. राऊटरचा हिरवा लाईट हलला नाही.

फोन वाजला. सरांनी उचलला. सुजाता इतकी स्पष्ट दिसली की तिच्या ड्रेसवरची नावाची पट्टीही वाचता यावी.

"आई," ती म्हणाली.

काकूंनी बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. मग पदर सावरून, परक्या बाईशी बोलावं तसं नीट बोलल्या. "बाई, तुमचं काय काम असंल ते लवकर सांगा. सातले आमच्या सुजाताचा फोन येते. तिले लागला नाही तर पोरगी जेवत नाही."

सुजाताचा चेहरा पडद्यावर हलेना. मला वाटलं चित्र अडकलं. मी राऊटरकडं पाहिलं, तर ते नीट चालू होतं.

"हो काकू," ती म्हणाली. "ठेवते."

तिनं फोन ठेवला. काकू मोबाईलकडं पाहत बसून राहिल्या.

सरांनी रजिस्टर काढलं. तारीख लिहिली. भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली. मग वही माझ्यापुढं सरकवली आणि पेन दिला.