पाणी पिणारा कापूस

डॉ. कमलताई वानखडे यांना मी प्रथम अकोटच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, पाहिले, तेव्हा त्या ओळखीपाळखी करून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. मी तिथला व्यवस्थापक, पुढे होऊन नमस्कार केला, तर म्हणाल्या, "आधी पानी उकळाले ठेवा."

आमच्या कामगार गंगूबाईंचा तळवा यंत्रात सोलवटला होता. जिनातली रीतच अशी, की लागले की ढिगातला मूठभर कापूस दाबायचा आणि वर लुगड्याची चिंधी बांधायची. काडीकचऱ्यासकट तो कापूस जखमेत रुतला, हात सुजून टम्म झाला. घरात मिळवते हात तेवढेच. "बाई, हात तोडसान काय माहा?" असे त्यांनी ताईंना विचारले. "मी आहो न," एवढेच बोलून ताई चिमट्याने एकेक तंतू काढत बसल्या. हात वाचला.

मग ताईंनी जिनाचे मालक असलेल्या शेठजींना गाठले. जिनात औषधाची पेटी हवी; तिच्यात पट्ट्या, आयोडिन, कात्री, भाजल्यावरचे मलम आणि दवाखान्याचा कापूस. शेठजींनी सगळे मान्य केले, कापूस सोडून.

"कापसाच्या गंजीवर बसून कापूस इकत आनू? अवघं अकोट हासन मले!"

ताईंनी पाण्याचा पेला मागवला. आमचा कापूस त्यात टाकला, तो ऐटीत तरंगत राहिला. आपल्या पिशवीतला टाकला, तो भिजून तळाशी गेला.

"तुमचा कापूस सुताले चांगला, शेठजी. पन पानीच पेत नाही, तो रक्त काय पेईन?"

दवाखान्याच्या कापसासकट पेटी आली. शेठजींनी हौसेने कुलूप आणले, ते ताईंनी हसून त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि पेटी यंत्रांशेजारी उघडी टांगली. पुढे ताई अकोल्याहून एसटीने येत, तेव्हा आपल्या इथल्या दवाखान्यात जाण्याआधी जिनात डोकावत. पेटीवर धूळ दिसली की माझी धडगत नसे, आणि रिकामा कोपरा दिसला तर विचारूच नका!

ताईंची आता साठी. समारंभात त्यांना ओवाळण्याचा मान गंगूबाईंनी भांडून मिळवला आहे. त्या जखमेने गंगूबाईंचे एक बोट वाकडे राहिले. कुंकू लावताना हात हलला तर, म्हणून परवा त्या काळजीत होत्या. ताई म्हणाल्या, "हलू दे. हात तर आहे न!"

त्याच हाताने ताईंना पंच्याहत्तरीलाही ओवाळले जावो, आणि आमच्या डोक्यावर त्यांचा धाक असाच राहो.