बियाणं तुझ्या घरचं, मावशी

सोयरीक तूच मोडलीस, मावशी. आज तुझा दहावा आहे म्हणून मी ते विसरून जाईन असं समजू नको.

पोरगी चांगली होती. तिवशाची. चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा माझ्याकडे बघून हसलीसुद्धा होती.

आणि तू भर बैठकीत पदर खोचून उभी राहिलीस.
"हे सोयरीक होत नाही. पोरगी आमच्या भावकीतली हाय, आन् हा पोट्टाही आता आमच्याच भावकीतला हाय."

सगळे हसले. पोरीचा बाप नाही हसला. उठला, चप्पल घातली, गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मावशी म्हणजे माझ्या नंदाताईची सासू. तिचा माझा रक्ताचा काही संबंध नव्हता.

म्हणजे, नव्हता असं मी म्हणायचो.

ही सोयरिकीच्या आधीची गोष्ट. मी अकोल्यात गॅरेजवर होतो. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर निळे डाग. जिना अर्धा चढलो की खालीच बसायचो.
डॉक्टर म्हणाले, हाडांच्या आत रक्त बनवणारा कारखाना असतो, तो बंद पडलाय. बाहेरचं रक्त देऊन किती दिवस ढकलणार? भावाबहिणींपैकी कोणाचं जुळलं तर त्यांच्या स्टेम सेल टाकू.

दोन्ही भावांचं जुळलं नाही.
जुळलं ते ताईचं.

आणि ताई तुझी सून.

"मनक्यात सुई घालतीन. माही सून जल्माची लुळी होईन. दोन लेकरं हायेत तिले!"
असं बडबडत तू नागपूरच्या हॉस्पिटलात आलीस. दुपारच्या एसटीनं तिला परत न्यायला. पिशवीत दोघींची शिदोरी.

डॉक्टरीणबाईंनी तुला खुर्ची दिली.
"आजी, मणक्याला हातच लावत नाही. काही दिवस इंजेक्शनं देतो, त्या पेशी हाडातून रक्तात उतरतात. एका हातातून रक्त मशीनमध्ये येतं, पेशी बाजूला काढतो, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. तिच्या अंगात त्या पुन्हा तयार होतात."

"आन् याच्या आंगात गेल्यावर?"

"बरोबर हाडात जाऊन बसतात. नवं रक्त बनवतात. रक्ताचं बियाणंच समजा."


"हे कोनं शोधून काढलं?"

"खूप जणांनी, आजी. रक्तातली ही पेशी ओळखण्यात कित्येकांची आयुष्यं गेली. अजूनही शोध चालूच आहे."

"बियानं निवडाले टाइम लागतेच," तू म्हणालीस.

मग ताईकडे वळलीस. "दे वं पोरी. देऊन टाक."
आणि मग माझ्याकडे. "पन मंग्या, ध्यानात ठेव. सून आमची, बियानं आमचं. वावर तेवढं तुमचं."

शिदोरी तिथंच सोडलीस. मलाही अर्धी भाकर दिलीस.

औषधांनी माझे केस गेले. काचेपलीकडून तू बघत होतीस.
"अबे, कोन मेलं रे तुह्या घरचं? टक्कल करून बसला!"
मला राग आला. बोलायची ताकद नव्हती म्हणून काचेकडे पाठ केली.
"आता पुढचं टक्कल माह्या दहाव्याले कर," तू म्हणालीस. "तवरोक मरू नोको."

ताईच्या पेशींची पिशवी एका दुपारी चढली. एवढा गाजावाजा, आणि दिसायला टमाट्याचं सार. मला वाटलं, एवढ्यानं काय होणार?

मग नुसती वाट बघणं. ताप. तोंडात फोड. रोज रिपोर्ट, रोज काहीच नाही.

आणि एक दिवस डॉक्टरीणबाई हसतच आत आल्या. पेशी वाढायला लागल्या होत्या. माझ्या हाडात बनलेल्या!

बाहेर तू ओरडलीस, "उगवलं! उगवलं वं माय!" सगळा वॉर्ड जागा झाला.

पुढे काही महिन्यांनी माझा ब्लड ग्रुपच बदलला. बी होता, ताईसारखा ओ झाला. ते तुला सांगायला नको होतं. तू गावभर करून टाकलंस.

मी किती सांगितलं, "मावशी, ताईचं रक्त म्हणजे आमच्याच मायबापाचं ना?"
"तुह्या बापानं कन्यादान केलं का नाही? देल्लेली वस्तू वापस मांगतेत का बे?"



आता मी इकडे गुजरातेत, समुद्राकाठच्या कंपनीत परांची बांधतो. अर्ध्या जिन्यावर बसणारा मी, चिमणीच्या टोकापर्यंत चढतो. वरून तुला व्हिडिओ कॉल लावला की शिव्या खायचो.
"उतर बे खाली! आमचं बियानं हाय ते!"

तू गेलीस. कंपनीत शटडाउन चालू, म्हणजे मशिनी बंद ठेवून दुरुस्तीची घाई, सुट्टी मिळाली नाही.
म्हणून आज सकाळी इथल्याच न्हाव्याकडे बसलो. सगळे केस उतरवले. फोटो भाऊजींना पाठवला.

लगेच फोन. "अबे मंग्या, तुले कायचं सुतक? सुतक भावकीले असते."
"म्हनूनच केलं, भाऊजी."


भाऊजी म्हणाले, "मंजे बुढी जिंकली."

हो. जिंकलीस, मावशी. भाऊजी, गावात सांगा सगळ्यांना.
आणि मीही जिंकलो. हे टक्कल औषधानं नाही, माझ्या मर्जीनं केलंय. केस येतील परत. रक्त घरचं आहे.

पोरगी मात्र चांगली होती. ते मी सोडणार नाही.

नीट जा, मावशी. वरही कोणाची सोयरीक मोडू नको.

पाहुणा म्हणून तुझ्या तेरवीला दोन हजार बाजूला काढले होते. पण भाऊजी म्हणाले, भावकीनं खर्चाची पट्टी काढलीय, घरटी सारखी, कमी नाही की जास्त नाही.
म्हटलं, मग त्यातच माझं नाव लिहा.

पाठवून राहिलो. पाचशे रुपये.