चाचणी सातचे नाव

१९७२च्या मार्चमध्ये, एका सोमवारी, मी चाचणी सातचे नाव बदलले. शुक्रवारी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईची नोकरी गेली.

कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी उपक्रमाच्या संगणक विभागात आम्ही दोघी प्रोग्रॅम लिहायचो. मी पुण्याहून बदलीवर आलेली. ती जन्माने इथलीच, भवानीपूरच्या मराठी घरातली. तिचे प्रोबेशन महिनाअखेर संपत होते. साहेबांचा शेरा चांगला आला तर ती कायम होणार होती, नाहीतर घरी. घरात मिळवती तीच होती.

कर्मचाऱ्यांच्या बदल्यांची यादी काढणारा प्रोग्रॅम तिचा होता. त्याच्या प्रत्येक भागाची चाचणी वेगळी व्हायची. कल्पित कर्मचाऱ्यांची माहिती पंच केलेल्या कार्डांचा एक गठ्ठा, आणि पहिल्या कार्डावर चाचणीचे नाव. निकालाच्या कागदावर तेच मथळा म्हणून छापून येई. नावे होती चाचणी एक, चाचणी दोन, अशी. सात नापास झाली की सातमध्ये काय तपासले होते, हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नसे. म्हणून कोणता कर्मचारी आणि काय व्हायला हवे, हे नावातच लिहायचे मी ठरवले. सातचे नाव इंग्रजीत पंच केले. त्याचा अर्थ, ‘निवृत्तीला वर्षाहून कमी उरलेल्या अधिकाऱ्याची बदली होऊ नये.’

तिने कार्ड वाचले.

“ताई, सात अजून नापास आहे. मी नुसतं वर्ष धरलंय, महिना धरलाच नाही. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते. तोवर नुसतं सातच राहू दे ना.”

“लपवून काय होणार?”

“लपवत नाहीये. साहेब दुसरं काही वाचत नाहीत, मथळे वाचतात.”

“मग वाचू देत. त्यांना कळेल तरी.”

मी गठ्ठा मशीनवर दिला.

साहेबांना प्रोग्रॅम वाचता येत नसे. आलेल्या कागदांवर ते सही करत. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. मंगळवारी सकाळी ते कागद घेऊन बाहेर तिच्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांसमोर मथळा मोठ्याने वाचला. खालचा ‘नापास’ही वाचला.

“मॅडम, मला कुठे पाठवताय? बराकपूरला, की थेट निमतल्याच्या स्मशानात?”

पंचिंगच्या खोलीतून हसू आले.

“सर, महिना धरायचा राहिला होता. काल संध्याकाळीच दुरुस्त केलंय.”

“वा! माणूस गाडीखाली गेला, मग ब्रेक दाबला.”

मागून कोणीतरी म्हणाले, “बदलीवाली दीदी, माझं दार्जिलिंगचं बघा ना!” पुन्हा सगळे हसले. साहेब माझ्याकडे वळले.

“नाव छान दिलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काही समजलं.”

मी थँक यू म्हटले.

बुधवारी चाचणी पुन्हा घेतली. मथळा तोच, खाली ‘पास’. तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. शेरा त्यांनी मंगळवारीच वर पाठवला होता.

शुक्रवारी तिला पत्र मिळाले. कायम न करण्याचे कारण म्हणून त्यात चाचणीचा मथळा शब्दशः टाइप केलेला होता. तिने पत्र माझ्यापुढे धरले.

“ताई, वाक्य तुमचं आहे.”

त्या दिवशी ती चारच्या सुमारास गेली. मे महिन्यात बदल्यांची यादी तिच्याच प्रोग्रॅमवर निघाली.