अम्मो यूनुसचा गंधार

काल सकाळी मेलबर्नमधल्या आमच्या पॉइंट कुकच्या गल्लीत एक माणूस वारला. एकेकाळी त्याच्या कार्यक्रमाला पोलीस बंदोबस्त लागायचा.

गल्लीत त्यांना सगळे 'सलमाचे बाबा' म्हणायचे. मंगळवारी कचऱ्याचे बिन्स बाहेर काढणारे, सगळ्यांना हात करणारे सलमाचे बाबा.

नाव यूनुस. सीरियातल्या अलेप्पोचे गायक आणि संगीतकार. मी त्यांना अम्मो म्हणायचो. त्यांच्याकडे काकाला अम्मो म्हणतात.

दहाव्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात टेबलावर उभे राहून गायले. विसाव्या वर्षी रेडिओवर. मग बैरूत, कैरो, दुबई. कितीतरी गायिकांना चाली दिल्या आणि त्या चालींवर त्यांची करिअर्स झाली. लोक एकच ओळ दहा-दहा वेळा गायला लावायचे, आणि हे दर वेळी ती वेगळी गायचे.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. एकदा त्यांना टॅक्सीने डॉक्टरकडे नेत होतो. अरब ड्रायव्हरने आरशात पाहिलं, गाडी पेट्रोल पंपावर घातली आणि मागचं दार उघडून त्यांचा हात धरून रडायला लागला.

मी वेड्यासारखा बघत बसलो.

मग युद्ध आलं. घर गेलं. बायको तिथल्याच मातीत. मुलीचा हात धरून मेलबर्नला आले आणि इथे ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाले.

दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन सोमवारी.

शनिवारी दुपारी ते ऊद घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात उभे. ऊद म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, पडदे नसलेलं.

"केदार, यू हॅव मशीन. वन साँग. फॉर माय वाइफ. नोबडी हर्ड."

आता माझ्या 'मशीन'बद्दल सांगतो. महाराष्ट्र मंडळाची सगळी रेकॉर्डिंग्ज माझ्या गॅरेजमध्ये होतात. पेटीच्या परीक्षा दिलेला माणूस मी, बेसूर ऐकलं की दाढ दुखते. त्यामुळे मंडळातल्या निम्म्या गायकांचे सूर मी गुपचूप सॉफ्टवेअरने सरळ करतो. त्यांना वाटतं, आपण काय गातो.

अम्मो एका टेकमध्ये गायले. अकरा मिनिटं. शेवटच्या ओळीवर तीनदा परत आले. मेधा, माझी बायको, चहा घेऊन आली होती. ती दारातच ट्रे धरून उभी राहिली. चहावर साय आली तरी हलली नाही.

आणि माझं लक्ष कुठे? गंधारावर.

दर वेळी उतरत होता. ना धड शुद्ध, ना धड कोमल, मधेच कुठेतरी. मला वाटलं, बिचाऱ्यांचा गळा आता साथ देत नाहीये.

ते गेल्यावर मी बसलो दुरुस्त करायला.

मेधा म्हणाली, "उगाच हात लावू नकोस रे. आहे तसं राहू दे."

"अगं, शेवटचं रेकॉर्डिंग आहे त्यांचं. बेसूर ठेवू?"

एकेक गंधार उचलून जागेवर बसवला. त्याच फाइलवर सेव्ह केलं. ओरिजिनल डिलीट. ही मंडळाची सवय: कच्चं ठेवायचं नाही, उद्या कुणी ऐकलं तर भांडणं.

नसती उठाठेव. स्वतःवर इतका खूश होतो मी तेव्हा.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. गळ्याला स्कार्फ, मांडीवर छोटा व्हाइटबोर्ड. सलमा सोफ्यावर. मी म्हटलं, सरप्राइज आहे, आणि गाणं लावलं.

आधी सलमाचा चेहरा बदलला.

अम्मोंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बोर्डवर इंग्लिशमध्ये लिहिलं: 'गुड सिंगर. हू?'

मी हसलो. मला जोक वाटला.

"केदार, व्हॉट डिड यू डू टू इट?" सलमाने विचारलं.

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे विशेष.

ती हळूच म्हणाली, "ही वॉज नेव्हर फ्लॅट. आमच्याकडे तो सूर तिथेच असतो, मधे. तुझ्या पेटीत नाहीये तो. आणि अख्खं गाणं त्या सुरावर उभं होतं."

सप्तकातल्या बावीस श्रुती, सुरांच्या मधल्या बारीक जागा, पाठ करून मी परीक्षेत मार्क मिळवलेत. बावीस. एकही ऐकली नव्हती.

"ओरिजिनल दे," ती म्हणाली.

"नाहीये. डिलीट केलं."

तिने वडिलांना ते अरबीत सांगितलं. मला अरबी येत नाही, पण ते वाक्य कळलं. अम्मोंनी बाहीने बोर्ड पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

मी म्हटलं, अम्मो, निदान ऊदवर वाजवा, मी परत रेकॉर्ड करतो, शप्पथ हात लावणार नाही.

त्यांनी लिहिलं: 'शी लव्ह्ड माय व्हॉइस.'

त्यानंतर दोन वर्षं हा विषय त्यांनी काढला नाही. आमच्याकडे गणपतीला आले, मोदक खाल्ले, माझ्या पाठीवर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हाताने मला झोप लागायची नाही.

आज सगळ्या अरबी चॅनल्सवर त्यांचे जुने व्हिडिओ चालू आहेत. खाली एक ओळ येते, मी फोनवर भाषांतर करून वाचली: आजारपणामुळे त्यांचं शेवटचं गाणं रेकॉर्ड होऊ शकलं नाही.

ते सलमाने सांगितलंय. मला वाचवायला. सकाळी तिचा मेसेज आला, "लेट इट बी, केदार. प्लीज."

पोरीचा बाप गेलाय आणि ती माझी अब्रू सांभाळतेय. नाही जमत मला.

म्हणून इथे लिहितोय, माझ्या नावाने. ते गायले होते. पूर्ण गायले होते, बायकोसाठी, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. आजाराने ते गाणं नेलं नाही. मी पुसलं.

तुम्ही सुरातच होतात.

श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. माफी मागतो, अम्मो.