उपरण्याखालचा निकाल

तलवाड्यात सुंदररावांना विचारल्याशिवाय कुणी बैल घेत नाही. आणि कुणी न विचारताच सुंदरराव जावई, मोटारसायकल आणि तलाठी यांच्याबद्दल मत देतात. सारा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. त्यामुळं नजरेला वळणच तसं पडलेलं. समोर माणूस आला तरी ती आधी त्याच्या पायांकडं जाते, मग छातीकडं, आणि माणूस हसलाच तर दातांकडं. थोरल्या लेकीला बघायला आलेल्या नवरदेवाच्या हातात त्यांनी चहाच्या आधी उसाचं कांडं दिलं होतं. पोरानं ते दातांनीच कडाकडा सोलून खाल्लं. "दात पक्के हायती. द्या पोरगी," म्हणून सुंदरराव उठले, आणि बिचाऱ्याच्या शिक्षणाची कागदं पिशवीतच राहिली.

जावई चांगला निघाला. तेव्हापासून सुंदररावांचा शब्द गावात ठरून गेला.

"मव्हा शब्द म्हंजी खुंटा," ते म्हणायचे. "एकदा ठोकला की हालत न्हाई."

"खुंटाच हाय," चुलीपुढून छबुबाई म्हणायच्या. त्या त्यांच्या बायको, आणि शब्द न मानणाऱ्या गावातल्या एकट्या. "पर त्येला बांधलेल्याचे हाल कुत्रं खाईना."

तर अशा माणसावर एक दिवस बास्केटबॉलची कोच पारखायची वेळ आली.

गावाच्या माळावर कॉलेज आहे. तिथं कुठल्याशा तपासणी कमिटीला दाखवायला म्हणून सिमेंटचं कोर्ट झालं, दोन खांब उभे राहिले. कमिटी शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन निघून गेली; खांब राहिले. खांब राहिले म्हणून मुलींची टीम झाली, आणि टीम झाली म्हणून म्हाळू सर कोच झाले. सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉलमधलं त्यांना एकच वाक्य यायचं, पण ते असं यायचं की पल्याडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसायची. "मार! मार! आगं मार की! कुणाचा मुहूर्त बघायलीस!" बॉल आपल्याकडं असो, समोरच्यांकडं असो, नाहीतर शेजारच्या ज्वारीत गेलेला असो, वाक्य तेच. टीम दर साली हरायची. पण लोक मॅच बघायला येतच नव्हते, सरांना बघायला यायचे, आणि खूश होऊन घरी जायचे.

सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी पंचशीला मॅडम आल्या. शिरूर कासारच्या. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे तेव्हा ही हॉस्टेलात राहायची. तिथंच खेळ शिकली आणि खेळत खेळत विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेली. अंगानं एवढीशी. बॉल काखेत धरला की बाई कोणती आणि बॉल कोणता, हे लांबून ओळखू येऊ नये. नेमणूक तात्पुरती होती. दिवाळीच्या आधी ठरणार, की ठेवायची का काढायची.

आणि ठरवणार कोण? संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह. पण ते पुण्यात शिकून आलेले, आणि निम्मे दिवस अजून पुण्यातच असायचे.

"ॲक्चुअली काका," ते सुंदररावांना म्हणाले, "बेसिकली मला तेवढा वेळच नाहीये. आमचे वडील तुमच्या शब्दावर बैल घ्यायचे. तुम्ही बघा आणि सांगा. गेवराईच्या मॅचला मी येतोच. तिथं तुम्ही म्हणाल ते फायनल."

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. घरी जाऊन धुतलेलं धोतर काढलं, खांद्यावर उपरणं टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टावर हजर.

त्यांची नात सायली टीममध्येच होती. आबांना बघून तिनं कपाळावर हात मारला.

मॅडम पोरींना गोल बसवून स्वतःही खाली बसल्या होत्या. कोर्टाच्या कडेला, मातीवर. शिट्टी गळ्यात होती, पण ताईत असावा तशी नुसती लोंबकळत होती. आणि मॅडम विचारत होत्या, "तुम्हाला काय वाटतं? आपण कावून हारतो? कशामुळं?"

पोरी एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. मॅडम गप्प. नुसत्या वाट बघत बसल्या.

सुंदररावांनी एवढंच बघितलं आणि फिरले. तडक सटवाच्या हॉटेलात.

"काय आबा," भजी तळता तळता सटवा म्हणाला, "कसा हाय माल?"

"न्हाई चालायचा." सुंदरराव बाकावर टेकले. "पायात बळ हाय, ते न्हाई म्हणत न्हाई. पर आवाज न्हाई. आन मास्तरीणच पोरींना इचारायलीय, आपण कावून हारतो! उद्या डागदर मला म्हणंल, आबा, तुमाला काय झालंय ते तुमीच वळखा, आन गोळी बी तुमीच काढा."

हॉटेल खदखदलं. संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर फिरून, थोडं फुगून, परत सुंदररावांच्या कानावर आलं. शब्द गेला. खुंटा ठोकला.

बीडच्या पहिल्या मॅचला खुंटा आणखी आत गेला. टीम सपाटून हरली. टाइम-आउटमध्ये समोरचा कोच बोट नाचवून नाचवून लाल झाला होता, आणि मॅडम उकिडव्या बसून विचारत होत्या, "काय दिसलं?"

"तिला सोताला दिसंना जणू," सटवा म्हणाला. तलवाड्याहून जीप भरून आलेली मंडळी पोट धरून हसली. बघायला आलेल्या म्हाळू सरांना राहवलं नाही. त्यांनी कठड्यावरूनच एक "मार! मार!" सोडली आणि टाळ्या घेतल्या.

सुंदरराव जीपमध्ये पुढं बसून राजासारखे घरी आले. पण घरात भलतंच सुरू झालं होतं.

सायली म्हणजे जेवताना ताटात बघणारी पोर. मीठ लागलं तरी बोटानं दाखवायची. ती त्या रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आबा, त्या सात नंबरच्या पोरीला डावीकडून वळताच येत नव्हतं. तुमी बघितलं का?"

आबांनी काहीच बघितलं नव्हतं. ते हसण्यात गुंतले होते. "बघितलं की," ते म्हणाले.

"मंग तुमाला काय वाटतं, आमी तिला कसं आडवावं?"

सुंदररावांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. इतकी वर्षं लोकांनी त्यांना 'सांगा आबा' म्हटलं होतं. 'तुम्हाला काय वाटतं' असं काही कुणी म्हटलं नव्हतं, आणि दोन्हींत फरक आहे हे त्यांना आजच कळत होतं.

"गप जेव," ते म्हणाले.

पण पोर आता कुठली गप बसतेय! दुसऱ्या दिवशी तिनं आजीलाच धरलं. "आज्जी, तुला काय वाटतं, भाकर कावून करपली?"

"मला वाटतं," छबुबाई उलथणं उचलून म्हणाल्या, "तुव्ह्या पाठीत एक घालावं, म्हंजी भाकर करपायची न्हाई."

मग थोड्या वेळानं, कुणी बघत नाही अशी खात्री करून, त्यांनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

दुसरी मॅच पाली गावाजवळच्या कॉलेजात झाली. तीही हरले. पण पोरी कोर्टावर एकमेकींना हाका मारत होत्या, 'इकडं', 'मागं बघ', 'सोड तिला, मी हाय'. समोरच्यांना घाम फुटला. जीपमध्ये परतताना सटवा हसला, पण एकटाच.

मग आला नेकनूरचा बाजार. सुंदरराव आता फारसे जात नसत, पण भावकीतल्या सुग्रीवला दलालीचे धडे द्यायचे होते. सुग्रीव उतावळा. खोंड बघितलं न बघितलं तोच धन्याला म्हणाला, "ह्याचे एवढे मिळतील." धन्यानं मान फिरवली. सौदा मोडला.

सुंदररावांनी त्याला लिंबाखाली नेलं आणि सुनावलं. "आरं येड्या, जो आधी बोलतो तो हारतो. आधी इचारावं. बैल कसा हाय, दावणीला कसा राहतो, तुमाला काय वाटतं पावणं! असं इचारून गप बसावं. मुंग्या आल्या तरी गप बसावं. मंग धनी आपल्याच तोंडानं बैलाची खोड..."

इथं सुंदरराव थांबले.

"खोड काय आबा?"

"आन दुसरं," सुंदरराव हळू आवाजात म्हणाले, "उभ्या बैलाची किंमत करू न्हाई. औताला जुपून बघावं."

"बरं. पर तुमी आसं आंबट तोंड कावून केलंय?"

"गप बे," सुंदरराव म्हणाले.

त्यांनी कोचला उभ्या उभ्याच पारखलं होतं. औताला न जुपता. स्वतःची दोन्ही कलमं मोडून, वर हॉटेलात दवंडी पिटून. आता काय करावं? खरं बोलावं तर गावासमोर शब्द फिरतो. न बोलावं तर मॅडमची पिशवी भरते आणि त्या शिरूरची गाडी धरतात. पोर पुन्हा ताटात बघून जेवायला लागेल, ती गोष्ट वेगळीच.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. छबुबाई म्हणाल्या, "कावून वो, खुंटा टोचायला लागला वाटतं?"

गेवराईची मॅच आली. अध्यक्ष पांढऱ्या गाडीतून उतरले. तलवाड्याची जीप आलीच होती. म्हाळू सर घसा साफ करून बसले.

सुरुवातीलाच आपल्या पोरी मागं पडल्या. समोरच्या सगळ्या ताडमाड. त्यांनी हात वर केला की रिंग हाताला लागेल असं वाटावं. टाइम-आउट झाला. मॅडम खाली बसल्या आणि विचारलं, "काय दिसलं?"

आणि सायली, तीच ती बोटानं मीठ मागणारी सायली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मॅडम, त्या दमल्यात! उंच हायती पर दमल्यात. पळवू त्यान्ला!"

"पळवा," मॅडम म्हणाल्या. बस, एवढंच.

मग पोरींनी जे पळवलं! बॉल हातात आला की धूम. चुकला तरी धूम. समोरच्या ताडमाड पोरी गुडघ्यावर हात ठेवून वाकायला लागल्या. एक बास्केट, दुसरं, लगेच तिसरं. तलवाड्याची जीप हसायची विसरून उभी राहिली. म्हाळू सर "मार! मार!" ओरडत होते, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांचं वाक्य वेळेवर पडत होतं, तेही रिटायर झाल्यावर. सुंदररावांचं उपरणं कधी गळून पायाखाली आलं, त्यांना कळलं नाही.

शेवटची शिट्टी झाली. एका बास्केटनं हरले.

"हारलेच की," सटवा म्हणाला, पण घोगऱ्या आवाजात. ओरडून ओरडून त्याचाही घसा बसला होता.

अध्यक्ष आले. भोवती सगळी मंडळी गोळा झाली. "तर काका, ॲक्चुअली तीनही मॅच हरलो आपण. मला बेसिकली एका शब्दात सांगा. ठेवायची का नाही?"

"आबांनी कवाच सांगितलंय," सटवा म्हणाला. "चालायचा न्हाई म्हणून. आबांचा शब्द हाय!"

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. पलीकडं मॅडम बॉल जाळीत भरत होत्या. इकडं बघत नव्हत्या, म्हणजे सगळं ऐकत होत्या.

सुंदररावांनी उपरणं उचललं, झटकलं. आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजारात सौदा कसा होतो? उपरण्याखाली. हातात हात, वर कापड. बोटं बोलतात, तोंड गप्प. चारचौघांत असूनही भाव दोघांनाच कळतो. शब्दही मोडत नाही आणि सौदाही होतो!

"द्या हात," ते अध्यक्षांना म्हणाले.

विजयसिंहांनी हात दिला. सुंदररावांनी वर उपरणं टाकलं आणि आतून त्यांची तीन बोटं करकचून दाबली. तीन वर्षं ठेवा. ह्यांचे वडील असते तर एका क्षणात मान हलवली असती.

विजयसिंह पुण्यात शिकलेले. ते आधी गुदगुल्या होऊन हसले. मग मोठ्यानं म्हणाले, "तीन? तीन काय काका?"

सुंदररावांनी डोळे मोठे केले आणि पुन्हा दाबली.

"तीन दिवस? तीन दिवसांत काढून टाकू? ओके, तुमचा शब्द म्हणजे शब्द." आणि त्यांनी दुसऱ्या हातानं मोबाइल काढला. "प्राचार्यांना आत्ताच सांगतो. हॅलो..."

"वर्षं!" सुंदरराव असे ओरडले, की म्हाळू सरांनीही चमकून बघितलं. "वर्षं वो भैय्यासाहेब, वर्षं! तीन वर्षं ठेवा तिला! ठिवा तो फोन खाली!"

उपरणं दोघांच्या हातांवर उगीच लोंबत राहिलं.

"पर आबा," सटवा म्हणाला, "तुमीच म्हणला व्हतात..."

"म्हणलतो. उभ्या उभ्या म्हणलतो. चुकलं मव्हं." सुंदररावांनी उपरणं ओढून खांद्यावर टाकलं. "आता हास की बे. तवा लई हासत व्हतास."

सटवा हसला नाही. हसली ती सायली, तोंड उघडून. आबांची नजर सवयीनं दातांकडं गेली. चांगले होते.

तेवढ्यात मॅडम बॉलची जाळी खांद्याला लावून तिथं आल्या. आभार मानतील म्हणून सुंदररावांनी मान खाली घालून तयारी केली.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, आज कुठं कमी पडलो आपण?"

सुंदररावांनी तोंड उघडलं. सगळी जीप वाकून ऐकायला लागली. मग त्यांना लिंबाखालचं आपलंच वाक्य आठवलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. मिशी थोडी हलली.

"आधी तुमी सांगा, मॅडम," ते म्हणाले. "तुमाला काय वाटतं?"

मॅडम हसल्या. पण बोलल्या नाहीत. सुंदररावही बोलले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सटवा "चला की, दूध नासंल मव्हं" म्हणत होता, आणि हे दोघं एकमेकांकडं बघत, कोण आधी बोलतंय याची वाट बघत, आपले उभेच.